शाहूमहाराज आणि न आवरणारी माणसे

ज्यांनी कचेरीत, कारखान्यात, बँकेत किंवा एखाद्या सहकारी संस्थेत चार वर्षे काढली आहेत, त्यांना असा एक तरी सहकारी आठवेल. कामाला वाघ, बोलायला फटकळ. सांगितलेले काम मुदतीच्या आधी करून मोकळा होणार. पण ते कसे करावे हे कोणी सांगायला गेले तर भांडणार. बैठकीत त्याला पाच मिनिटांच्या वर बसवत नाही. दुसऱ्याच्या टेबलावरचे काम अडले असेल तर न विचारता तेही उचलतो, आणि मग त्या दुसऱ्याशी वैर घेतो. वरिष्ठांची पंचाईत अशी की, त्याच्यावाचून चालत नाही आणि त्याच्यासह चालवणे सोपे नाही.

विल्यम मार्स्टन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२८ साली आपल्या ग्रंथात माणसाच्या वागण्याचे चार कल सांगितले. त्यांतला पहिला कल वर्चस्वाचा. पुढे व्यवस्थापनाच्या शिबिरांतून ही विभागणी जगभर पसरली. अशा माणसाला कसे वागवावे याचे सल्लेही तयार झाले. त्याला काय हवे ते थोडक्यात सांगा, कसे करायचे ते त्याच्यावर सोडा, त्याला स्वतःचे क्षेत्र द्या, इत्यादी. सल्ले वाईट नाहीत. पण त्यांत एक गोष्ट बहुधा सांगितलेली नसते. अशा माणसाला क्षेत्र देणे सोपे असते, त्या क्षेत्राची हद्द राखणे अवघड असते. हे समजून घ्यायचे तर अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही. आपल्या यवतमाळ जिल्ह्यापासून सुरुवात केली तरी पुरे.

यवतमाळहून आर्णीमार्गे नांदेडकडे निघाले की वाटेत महागाव लागते. दक्षिणेला पैनगंगा आणि तिच्या पलीकडे माहूरगड. अठराव्या शतकात हा सगळा वऱ्हाडचा मुलूख. कागदोपत्री तो निजामाचा सुभा. पण चौथाई आणि सरदेशमुखी वसूल करणारे मराठे. म्हणजे एकाच शेताच्या पिकावर दोन सरकारांचा हात. या व्यवस्थेला दोअमली म्हणत. याच जिल्ह्यातल्या भाम या गावी मराठ्यांच्या वऱ्हाडातल्या कारभाराचे ठाणे होते. आज भामचे नाव जिल्ह्याबाहेर फारसे कोणाला ठाऊक नाही. पण त्या काळी तिथे बसणारा माणूस, कान्होजी भोसले, हा ‘सेनासाहेब सुभा’ होता. साताऱ्याच्या छत्रपतींच्या मोठ्या सरदारांपैकी एक.

हे छत्रपती म्हणजे शाहूमहाराज, संभाजीराजांचे चिरंजीव. कोल्हापूरचे राजर्षी शाहू वेगळे. ते दीडशेहून अधिक वर्षांनंतरचे. साताऱ्याच्या शाहूंचा जन्म १६८२ चा. १६८९ मध्ये रायगड पडला आणि ते मातोश्री येसूबाईंसह मोगलांच्या कैदेत गेले. बालपण आणि तारुण्य औरंगजेबाच्या छावणीत गेले. १७०७ मध्ये बादशहा वारल्यावर त्यांची सुटका झाली, तेव्हा त्यांचे वय पंचवीस वर्षांचे होते. हाताशी ना फौज, ना खजिना, ना गड. समोर ताराबाईंचे राज्य होते, आणि हा खरा शाहू की तोतया, असाही प्रवाद उठवला गेला होता. अशा वेळी मोठ्या सरदारांपैकी त्यांना अगदी सुरुवातीला येऊन मिळाला तो वऱ्हाडचा परसोजी भोसले. त्याने महाराजांच्या ताटात जेवून तोतयाची शंका मिटवली, अशी कथा सांगतात. १७०८ च्या जानेवारीत साताऱ्यास राज्याभिषेक झाला. परसोजीकडे सेनासाहेब सुभा हा किताब आणि वऱ्हाड-गोंडवनाचा मुलूख कायम झाला. १७०९ मध्ये परसोजी वारला आणि ते सर्व त्याचा मुलगा कान्होजी याच्याकडे आले.

इथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ती घेतली नाही तर पुढचा सारा इतिहास नुसत्या भांडणांची यादी वाटेल. शाहूमहाराजांच्या पदरी जी माणसे होती त्यांना ते पगार देत नव्हते, कारण देण्यासारखे काही नव्हतेच. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथाने दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या, त्यानंतर वाटणीची एक रीत बसली. चौथाईचे शंभर रुपये आले तर पंचवीस राजाची बाबती, सहा सहोत्रा, तीन नाडगौंडा आणि उरलेले सहासष्ट मोकासा, म्हणजे सरदाराने फौज ठेवण्यासाठी. आजच्या भाषेत सांगायचे तर सगळी मंडळी कमिशनवर होती. जो वसूल आणेल त्याचे दोन तृतीयांश त्याच्यापाशी राहणार. अशी व्यवस्था मवाळ माणसाला आकर्षित करीत नाही. ती ओढून आणते ते घोड्यावर बसल्याशिवाय ज्यांना झोप लागत नाही अशांना. तेव्हा पुढे जे झाले त्यात सरदारांच्या स्वभावाचा जितका भाग आहे, तितकाच या रीतीचाही आहे.

कान्होजी भोसले काही काळ चांगला चालला. मग वसुलाचा हिशेब साताऱ्याला जाईनासा झाला, हुकूम आला तर उत्तर जाईना. भामपासून सातारा दूर. अशा माणसाला दूर ठेवले की तो हळूहळू स्वतःलाच मालक समजू लागतो. याच काळात त्याचा पुतण्या रघूजी भोसले त्याच्याशी न पटून बाहेर पडला होता आणि इकडे तिकडे चाकरी करीत साताऱ्यास पोचला होता. रघूजी शिकारीचा शौकीन, धाडसी. शाहूमहाराजांनाही शिकारीचे वेड. एका शिकारीत त्याने महाराजांना वाघापासून वाचवले अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, महाराजांची मर्जी त्याच्यावर बसली हे खरे. महाराजांनी त्याचे लग्न आपल्या सासुरवाडच्या शिर्के घराण्यात लावून दिले आणि त्याला नातलग करून घेतले.

मग त्याला वऱ्हाडची सनद दिली आणि कान्होजीला पकडून आणण्याचे काम सोपवले. १७३० च्या सुमाराला रघूजीने भामला वेढा घातला. कान्होजी निसटला, पण वणीजवळ मंदर येथे गाठला गेला आणि कैद होऊन साताऱ्यास आला. उरलेले आयुष्य त्याने तिथेच नजरकैदेत काढले.

ही सनद देताना महाराजांनी रघूजीकडून जे लिहून घेतले ते पाहण्यासारखे आहे. ग्रँट डफने आपल्या इतिहासात त्याचा गोषवारा दिला आहे. सरकारच्या चाकरीसाठी पाच हजार घोडेस्वार कायम ठेवायचे. दरसाल नऊ लाख रुपये भरायचे. घासदाण्याखेरीज जी खंडणी मिळेल तिचा अर्धा भाग महाराजांचा. आणि गरज पडली तर दहा हजार स्वार उभे करून पेशव्यांबरोबर किंवा हुकूम होईल तिकडे जायचे. मोहीम कशी काढायची, कोणत्या वाटेने जायचे, कोणाला बरोबर घ्यायचे, याबद्दल एक अक्षर नाही. मोजता येईल असे चार आकडे, बाकी सगळे रघूजीवर. कान्होजीच्या बाबतीत झालेल्या अनुभवाचा हा परिणाम असावा असे वाटते. मोजमाप आधीच ठरवून घेतले म्हणजे पुढे वाद नको.

शाहूमहाराजांविषयी आपल्याकडे दोन मते आहेत. ते ऐषआरामी, आळशी, साताऱ्यात बसून शिकार करणारे, सगळा पराक्रम पेशव्यांचा, असे एक मत. रियासतकार सरदेसायांनी मात्र मराठी रियासतीच्या त्या खंडाला ‘पुण्यश्लोक शाहू’ असे नाव दिले. मला सरदेसायांची बाजू अधिक पटते, पण पूर्ण नाही. महाराज राज्यावर बसल्यानंतर क्वचितच स्वतः रणांगणावर गेले. जो माणूस स्वतः तलवार घेऊन पुढे जात नाही त्याच्यासाठी बाजीराव, रघूजी, कान्होजी आंग्रे, त्रिंबकराव दाभाडे यांच्यासारखी माणसे चाळीस वर्षे राबली आणि त्यातल्या एकानेही उघडपणे त्याचे छत्र झुगारून दिले नाही. आळशी माणसाला हे जमत नाही.

त्यांची माणसाची पारख पाहा. १७२० च्या एप्रिलमध्ये बाळाजी विश्वनाथ वारला. त्याच्या मुलाचे वय एकोणीस. दरबारात अनुभवी माणसे होती, श्रीपतराव प्रतिनिधी होता. त्यांनी पोराला पेशवाई देऊ नये म्हणून खूप समजावले. महाराजांनी मसूरच्या मुक्कामी बाजीरावाला वस्त्रे दिली. पण त्याच वेळी त्यांनी प्रतिनिधीला घरी पाठवले नाही. बाजीराव उत्तरेत जायचे म्हणे, प्रतिनिधी आधी दक्षिण सांभाळा म्हणे, आणि महाराज दोघांचे ऐकत. बाजीराव या विरोधामुळे वैतागे. तरी १७२८ मध्ये पालखेडला निजामाला त्याने असे कोंडले की मुंगी-शेवगावच्या तहात निजामाला चौथाईचा हक्क मान्य करावा लागला. घरात कोणीतरी शंका घेणारा आहे हे माहीत असणे अशा माणसाला उपकारकही ठरते, असे यावरून म्हणता येईल.

आणखी एक त्यांची पद्धत. स्वतःचा पोशाख अगदी साधा. एकदा कोणी सरदार अंगभर जवाहीर घालून दिमाखात भेटीला येतो आहे असे कळल्यावर महाराजांनी आपल्या आवडत्या कुत्र्याच्या अंगावर दागिने घातले आणि आपण नेहमीच्या साध्या कपड्यांत दरबारात बसले, अशी कथा प्रसिद्ध आहे. सरदाराला एक शब्दही बोलावा लागला नाही. माणसाचा माज उतरवायचा तर त्याचा अपमान करण्याची गरज नसते, एवढा समजूतदारपणा त्या कथेत आहे.

पण हद्दींचे काय? इथे मात्र महाराजांची गाडी अडखळे.

गुजरातचा मुलूख सेनापती दाभाड्यांचा. बाजीराव आणि चिमाजीआप्पा यांनी तिथे हात घातला. सेनापती त्रिंबकराव दाभाडे तरुण आणि तितकाच तापट. तो निजामाच्या संगनमताने बाजीरावावर चालून जाण्याच्या बेतात होता. साताऱ्याहून समजुतीची पत्रे गेली, पण ती पोचेपर्यंत फार उशीर झाला. १ एप्रिल १७३१ रोजी डभईला लढाई झाली आणि खुद्द मराठ्यांचा सेनापती मराठ्यांच्याच पेशव्याच्या फौजेकडून मारला गेला. राज्याच्या दोन हातांनी एकमेकांना तोडावे असा हा प्रसंग. मग महाराज धावले. त्रिंबकरावाच्या मातोश्री उमाबाई यांची त्यांनी समजूत घातली, धाकटा मुलगा यशवंतराव याला सेनापतिपद दिले आणि वाटणी करून टाकली. गुजरात दाभाड्यांचा, माळवा पेशव्यांचा, एकाने दुसऱ्याच्या हद्दीत जायचे नाही. वाटणी उत्तम होती. पण हीच रेघ दोन वर्षे आधी ओढली असती तर?

दोन वर्षांनी महाराजांनी नेमकी उलटी गोष्ट करून पाहिली. १७३३ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीचा कायमचा बंदोबस्त करायचे ठरले. सिद्दीच्या घरात वारसाची भांडणे लागली होती, संधी नामी होती. एकाच मोहिमेवर पेशवा बाजीराव, प्रतिनिधी, फत्तेसिंग भोसले आणि समुद्रातून आंग्रे, असे सगळे बडे लोक पाठवले. प्रत्येक जण आपापल्या परीने कर्तबगार. बाजीराव जंजिऱ्यासमोर अडून बसला असता प्रतिनिधीच्या माणसांनी फितुरीने रायगड ताब्यात घेतला. शिवछत्रपतींची राजधानी परत आली याचा आनंद साताऱ्यात झाला. पण मोहिमेवर ज्याची मेहनत चालली होती त्याच्या मनात सल राहिला. त्यातच ऑगस्टमध्ये सेखोजी आंग्रे वारला आणि आरमाराची बाजू लंगडी पडली. वर्ष संपताना बाजीरावाने तह केला आणि तो परत फिरला. जंजिरा मराठ्यांना पुढेही कधी मिळाला नाही. याची कारणे अनेक आहेत; किल्लाच अवघड होता. पण एका मुलखात तीन धनी नेमले आणि कोणी कोणाचा वरिष्ठ हे ठरवले नाही, हे त्यातले मोठे कारण.

यानंतर महाराजांनी असा प्रयोग पुन्हा फारसा केला नाही. दोन तलवारी एका म्यानात ठेवायच्या नाहीत हे धोरण पक्के झाले. १७३५ मध्ये आंग्र्यांच्या घरात संभाजी आणि मानाजी भांडू लागले तेव्हा बाजीरावाने तेच केले. सरखेलपद आणि विजयदुर्ग संभाजीला, ‘वजारतमाब’ असा नवा किताब आणि कुलाबा मानाजीला. भांडण मिटले, आरमाराचे मात्र दोन तुकडे झाले. वाटणीने शांतता येते, पण वाटलेली वस्तू लहान होते, हे तेव्हा कोणाच्या फारसे लक्षात आले नसावे.

आता रघूजीकडे परत येऊ. वऱ्हाडात स्थिर झाल्यावर त्याने देवगडच्या गोंड राज्याच्या वारसाहक्काच्या भांडणात हात घातला आणि हळूहळू नागपूर आपलेसे केले. गोंड राजा नावाला गादीवर राहिला. बाजीराव आणि रघूजी हे एकाच मापाचे लोक, म्हणून त्यांचे पटणे कठीण. भोपाळला निजामाला कोंडण्याच्या वेळी बाजीरावाने बोलावले तरी रघूजी हलला नाही. उलट त्याने स्वतःच्या जिवावर उत्तरेत अलाहाबादपर्यंत स्वारी केली. तो प्रांत बाजीराव आपला समजत होता. बाजीरावाने चिडून आवजी कवडे याला वऱ्हाडात घातले. रघूजीने त्याला पिटाळून लावले. म्हणजे डभईचीच पुनरावृत्ती होण्याची वेळ आली.

या वेळी महाराजांनी शहाणपण दाखवले. रघूजी आणि फत्तेसिंग भोसले यांना कर्नाटकाच्या मोहिमेवर धाडले. बाजीरावापासून शक्य तितके दूर, आणि काम भरपूर. रघूजीचे सोने झाले. १७४० च्या मे महिन्यात दमलचेरीच्या घाटात अर्काटचा नवाब दोस्त अली मारला गेला. पुढच्या वर्षी मार्चमध्ये त्रिचनापल्ली पडली आणि चंदासाहेब कैद होऊन साताऱ्यास आला. एखाद्या अस्वस्थ माणसाला शिक्षा न करता, त्याची खोडही न काढता, त्याच्या जोराला दुसरी दिशा द्यायची, याचे यापेक्षा चांगले उदाहरण त्या काळात मला दिसत नाही.

पण तेवढ्यात, २८ एप्रिल १७४० रोजी, रावेरखेडीला बाजीराव वारला. रघूजी मोहीम मध्येच सोडून साताऱ्यास धावत आला आणि पेशवाई बारामतीच्या बाबूजी नाईकास द्यावी म्हणून खटपट करू लागला. महाराजांनी ऐकून घेतले आणि जूनमध्ये पेशवाईची वस्त्रे बाजीरावाचा मुलगा बाळाजी, म्हणजे नानासाहेब यांना दिली. रघूजी पुन्हा कर्नाटकात गेला आणि त्याने त्रिचनापल्ली घेतली. हे महत्त्वाचे आहे. मागणी नाकारली गेल्यावरही तो कामावर परतला, कारण नकार अपमानाचा नव्हता आणि पुढचे काम त्याच्या हातातून काढून घेतलेले नव्हते.

खरी कसोटी बंगालमध्ये लागली. १७४२ मध्ये रघूजीचा दिवाण भास्करराम कोल्हटकर बंगालमध्ये शिरला. नवाब अलीवर्दीखान त्याच्याशी झुंजत राहिला आणि त्याच वर्षी दुर्गापूजेच्या दिवसांत काटव्याजवळ अचानक छापा घालून त्याने मराठ्यांना हाकलले. दुसऱ्या वर्षी रघूजी स्वतः गेला. इकडे दिल्लीच्या बादशहाने नानासाहेब पेशव्यांना सांगितले की रघूजीला बंगालमधून हटवा. नानासाहेब मोठी फौज घेऊन बिहारमार्गे बंगालमध्ये उतरले. १७४३ च्या मार्चमध्ये त्यांची आणि अलीवर्दीखानाची भेट झाली. अलीवर्दीने शाहूमहाराजांना बंगालची चौथाई देण्याचे आणि पेशव्यांना फौजेच्या खर्चाबद्दल बावीस लाख रुपये देण्याचे कबूल केले. त्या बदल्यात रघूजीला हाकलायचे. आणि मग छत्रपतींचा पेशवा, बंगालच्या नवाबाचा मित्र होऊन, छत्रपतींच्या सेनासाहेब सुभ्याच्या पाठीस लागला! त्याने रघूजीच्या पिछाडीवर मारा केला, सामान लुटले. रघूजी डोंगरवाटांनी निसटला.

दोघेही साताऱ्याकडे आले, आणि दोघांचेही म्हणणे बरोबर होते. रघूजी म्हणे, पूर्वेकडचा मुलूख माझा, मी कमावला. पेशवे म्हणत, मी बादशहाशी करार केला आहे, राज्याचा शब्द राखणे माझे काम. महाराज तेव्हा साठीच्या पुढे होते. प्रकृतीने खचलेले, घरात राण्यांची भांडणे. पण त्यांनी दोघांना समोर बसवले आणि १७४३ च्या ऑगस्टअखेर वाटणीचा करार केला. माळवा, आग्रा, अजमेर, अलाहाबाद आणि बिहारमधले काही महाल पेशव्यांकडे. वऱ्हाडापासून कटकपर्यंतचा मुलूख, बंगाल, अवध आणि बिहारचा उरलेला भाग रघूजीकडे. एकाने दुसऱ्याच्या हद्दीत पाऊल टाकायचे नाही.

या कराराची गंमत अशी की तो टिकला. महाराज असेपर्यंत आणि त्यानंतरही रघूजी हयात असेपर्यंत पेशवे आणि भोसले यांच्यात पुन्हा अशी उघड लढाई झाली नाही. डभईला जे रक्त सांडल्यावर केले, ते इथे रक्त सांडण्याच्या आत झाले. दोघांना पूर्ण समाधान मिळाले नाही. पण आपल्याला काय मिळाले हे दोघांना स्वच्छ कळले. जोरकस माणसाला अन्याय एकवेळ सहन होतो, संदिग्धता सहन होत नाही.

महाराजांचा शब्द तेवढ्यापुरता नुसता मानाचा नव्हता. १७४७ मध्ये त्यांनी नानासाहेब पेशव्यांना काही आठवड्यांसाठी पदावरून दूर केले आणि पुन्हा नेमले. बलाढ्य पेशव्यानेही ते निमूटपणे घेतले.

इथपर्यंत सांगून थांबलो तर हे एखाद्या व्यवस्थापनाच्या पुस्तकातले प्रकरण होईल. पण ज्या मुलखाची वाटणी साताऱ्याच्या वाड्यात झाली तिथे माणसे राहत होती. ज्या अलीवर्दीखानाने आपल्या रक्षणासाठी पेशव्यांना पैसे मोजले, त्याचा प्रांत पाच महिन्यांत त्याच पेशव्यांनी रघूजीच्या वाट्याला जाऊ दिला. मग अलीवर्दीने मराठ्यांच्या शब्दावर विश्वास ठेवणे सोडले. १७४४ च्या मार्चअखेर मनकऱ्याला बोलणी करण्याच्या मिषाने त्याने भास्कररामाला तंबूत बोलावले आणि त्याच्यासह एकवीस सरदारांना ठार मारले. रघूजीने सूड घेतला. पुढची सात वर्षे पश्चिम बंगाल आणि ओरिसा यांवर घोडी फिरत राहिली. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने ‘महाराष्ट्र पुराण’ नावाचे काव्य लिहिले आहे, त्यात जाळलेली गावे आणि पळणारे लोक यांची वर्णने आहेत. काव्याच्या नावात आपले नाव आहे, पण ते गौरवाचे नाही. कलकत्त्यात इंग्रजांनी मराठ्यांच्या भीतीने खंदक खणला, तो ‘मराठा डिच’ म्हणून प्रसिद्ध झाला. आणि बंगाली आया मुलांना झोपवताना ‘बर्गी’ येतील म्हणून भीती घालतात. बर्गी म्हणजे आपला बारगीर.

साताऱ्याच्या दप्तरात याचा जमाखर्च वेगळा होता. तिथे चौथाई किती आली ते लिहिले जाई. रघूजीकडून लिहून घेतलेल्या अटींत स्वार किती आणि रुपये किती एवढेच आकडे होते; रयत किती राहिली हा आकडा नव्हता. जे मोजले जाते तेच असा माणूस करतो. रघूजीने पाच हजार स्वार ठेवले आणि लाखांनी रुपये आणले, म्हणजे अटी पाळल्या. अटीच अपुऱ्या होत्या, आणि त्या महाराजांनी घातल्या होत्या. हा दोष मी रघूजीपेक्षा साताऱ्याच्या पदरात अधिक टाकतो. आपल्या वऱ्हाडातही काही निराळे नव्हते. एका हंगामात निजामाचा आमील येई, दुसऱ्या वेळी भोसल्यांचा कमाविसदार. पैनगंगेच्या काठचा कुणबी दोघांना भरी.

१५ डिसेंबर १७४९ रोजी शाहूमहाराज वारले. १७५१ मध्ये अलीवर्दीने हार मानली. ओरिसाचा वसूल रघूजीला आणि बंगालच्या चौथाईबद्दल दरसाल बारा लाख रुपये, असा तह झाला. रघूजीला हवे ते मिळाले. १७५५ मध्ये तो वारला आणि जानोजी व मुधोजी या त्याच्या मुलांत वारसाचे भांडण लागले. आता भांडण मिटवायला साताऱ्यात कोणी नव्हते. नवे छत्रपती रामराजे नावापुरते राहिले आणि पेशवे हे स्वतःच एक पक्ष होते. त्यांनी काढलेली रेघ कोणाला तटस्थ वाटणार?

परिणाम लवकर दिसले. तुळाजी आंग्रे ऐकत नाही म्हणून नानासाहेबांनी इंग्रजांना मदतीला घेतले आणि १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाच्या बंदरात मराठ्यांचे आरमार जळाले. शाहूमहाराजांनी आंग्र्यांशी भांडणे केली होती. पण त्यांना मोडायला परक्याला घरात घेतले नव्हते. १७६३ मध्ये निजामअली पुण्यावर चालून आला तेव्हा त्याच्याबरोबर जानोजी भोसल्याची फौज होती, आणि पुणे लुटले व जाळले गेले. त्याच वर्षी राक्षसभुवनच्या लढाईआधी पेशव्यांनी मुलखाचे आमिष दाखवून जानोजीला आपल्याकडे वळवले. म्हणजे निष्ठेची किंमत आता दर लढाईला नव्याने ठरू लागली.

शेवटी थोरल्या माधवरावांनी नागपूरवर स्वारी केली आणि १७६९ च्या मार्चमध्ये कनकापूरला जानोजीशी तह झाला. त्याच्या अटी रघूजीच्या जुन्या करारनाम्याशेजारी ठेवून पाहाव्यात. दरसाल पाच लाख रुपये भरायचे. पेशव्यांच्या परवानगीशिवाय फौज वाढवायची नाही आणि कमीही करायची नाही. बोलावले की चाकरीस यायचे. रघूजीला महाराजांनी सांगितले होते की फौज किती ठेव आणि गरज पडली तर दुप्पट कर. त्याच्या मुलाला सांगितले गेले की विचारल्याशिवाय एक घोडाही वाढवू नकोस. जानोजीने सही केली. तीन वर्षांनी, १७७२ मध्ये, तो वारला, आणि नागपूरच्या गादीसाठी त्याचे भाऊ एकमेकांवर चालून गेले.